सूचनांची वही

आमच्या चर्चमध्ये संदेशाच्या आधी दहा मिनिटं सूचना वाचतात. पाहुण्याला ती दहा मिनिटं रिकामी वाटतात. पेटीवाले काका पेटीचा भाता मिटून घाम पुसतात, कुणी रडतं पोर बाहेर नेऊन आणतं, उशिरा आलेल्या बायका दाराशी चपला काढून वाकूनच सतरंजीवर येऊन टेकतात. पण आमच्या मंडळीचे कान सबंध उपासनेत नसतात इतके त्या दहा मिनिटांत टवकारलेले असतात. एकदा नव्यानं बदलून आलेल्या पाळकसाहेबांनी वेळ वाचावा म्हणून सूचना थोडक्यात उरकायला सांगितल्या. पुढच्याच रविवारी एका म्हातारीनं त्यांना दारात गाठलं. "साहेब, माझ्या सुनंचं आपरेशन झालं ते देवाला ठावं हाय. ह्या लोकांला कोण सांगायचं?" त्यानंतर सूचना पुन्हा पुरत्या दहा मिनिटांच्या झाल्या.

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. सत्तावीस घरांची मंडळी. काळ्या दगडाच्या चार भिंती, वर पत्रा, अंगणात दोन लोखंडी खांबांवर टांगलेली घंटा. पहिली घंटा अर्धा तास आधी, दुसरी उपासना सुरू होताना. कुणी गेलं की तीच घंटा थांबून थांबून, एकेक ठोका देत वाजते आणि शेतातली माणसं हातातलं खुरपं खाली ठेवतात. पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत. ते आमच्याकडे महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी येतात. बाकीच्या रविवारी कुणी निवृत्त मास्तर, कुणी पंचांपैकी एखादा संदेश देतो. संदेश कधी चांगला होतो, कधी लांबतो. सूचना मात्र बावीस वर्षं एकाच आवाजात झाल्या. तो आवाज माझ्या आईचा.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मंडळीची सेक्रेटरी. शनिवारी रात्री भाकरी झाल्या, ओटा आवरला, की ती लाल कापडाच्या पाठीची लांबट हिशेबाची वही उघडायची. वर तारीख, तिच्याशेजारी रविवारचं नाव: आगमनकाळाचा दुसरा रविवार, झावळ्यांचा रविवार, त्रैक्याचा रविवार. खाली सूचना. आठवडाभर तिनं त्या गोळा केलेल्या असायच्या. नळावर, गिरणीत, किराणा दुकानासमोर, एसटीच्या थांब्यावर लोक तिला अडवायचे, "बाई, लिहा बरं का." ती तेव्हा काही लिहायची नाही, नुसती मान हलवायची, आणि शनिवारी एकही विसरलेली नसायची. लिहून झालं की वही मिटून तिच्यावर हात ठेवून ती अंधारात थोडा वेळ पुटपुटत बसायची. झोपण्याआधीची प्रार्थना असेल, असं मला वाटायचं. मी कधी विचारलं नाही.

तिचे काही दंडक होते. आजार लिहायचा, आजाराचं नाव लिहायचं नाही. भांडण लिहायचं नाही. समेट झाला तर तो मात्र तारखेसकट लिहायचा. कुणी कुणाला किती उसने दिले हे मंडळीत कितीही चर्चेला आलं तरी वहीत यायचं नाही. आणि नाव पुरतं लिहायचं, पुरतं वाचायचं. विधवा असली तरी तिचं नाव आधी, मग नवऱ्याचं, मग आडनाव. "अमक्याची आई" किंवा "तमक्याची सून" असं तिनं कधी वाचल्याचं मला आठवत नाही. मी दहावीला असताना कंटाळून म्हटलं होतं, "सगळ्यांना माहीतच आहे ना कोण ते, एवढं लांबण कशाला?" तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माहीत असणं वेगळं आणि उभं राहून कुणी आपलं नाव घेणं वेगळं," एवढंच म्हणाली.

सूचनांतला सगळ्यात गोड भाग उपकारस्तुतीच्या पाकिटांचा. ज्याला देवाचे आभार मानायचे तो पाकिटात पैसे घालून वर कारण लिहितो, आणि ते कारण मोठ्यानं वाचलं जातं. जुन्या वह्या चाळताना मी ती कारणं वाचत तासन् तास बसते. विहिरीला पाणी लागल्याबद्दल ५१ रुपये. मुलगा बारावीला इंग्रजीत सुटल्याबद्दल १०१. ऊस वेळेवर कारखान्याला गेल्याबद्दल २०१. हरवलेली शेळी सापडल्याबद्दल ११. नवऱ्यानं दारू सोडून सहा महिने झाले म्हणून २१ रुपये, आणि त्याच बाईच्या नावापुढे दीड वर्षानं पुन्हा तेच कारण, पुन्हा २१. मधल्या वर्षात काय झालं असेल ते वहीत नाही, पण दोन्ही वेळेला मंडळीनं मिळून "आमेन" म्हटलं असणार.

बातम्या छापायची ही सवय आमच्या लोकांना फार जुनी. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला त्यांचं ठाणं झालं आणि १८४२ साली नगरहूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं. आमच्या घरी तो टपालानं यायचा. आजोबा पहिल्या पानावरचा मोठा लेख सोडून आधी मंडळ्यांच्या बातम्या वाचायचे. कुठल्या गावी नवा पाळक नेमला, कुठे चर्चची भिंत पडली, कोण कुणाशी विवाहबद्ध झालं, कोण प्रभूमध्ये निजलं. ज्या गावांना ते उभ्या जन्मात गेले नव्हते तिथल्या माणसांच्या मरणानं ते हळहळत. लहानपणी मला याचं नवल वाटायचं. आता वाटतं, गावात मूठभर घरं असलेल्या माणसाला आपण एवढेच नाही हे कुठून तरी कळायला लागतं. ते त्या पानावरून कळायचं.

त्याच 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग १९१२ पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी सांभाळला, १९१९ मध्ये जाईपर्यंत. टिळकांचं नाव आमच्या आजीच्या तोंडी घरातल्या माणसासारखं असायचं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पुढे ते नगरला आले, राहुरीला राहिले. राहुरी म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. भजनांच्या पुस्तकातली कितीतरी गाणी मात्र तिला तोंडपाठ. परदेशी चालींवर बसवलेली जुनी गीतंही ती म्हणायची, पण ताठ बसून, हात मांडीवर ठेवून. टिळकांचा अभंग लागला की तिची मान आपोआप डोलायची आणि हात टाळ शोधायचे. ढोलकी, पेटी, झांज, टाळ यांच्यावर आमची भक्ती चालते. नगरच्या ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा बाज उचलला आणि कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी उभं राहून येशूची कथा कीर्तनात लावली. ज्या नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातली माझी आजी पहाटे जात्यावर बसून ओवीतच येशूला हाक मारायची. तिला यात कुठे सांधल्याची खूण दिसत नव्हती, आणि मलाही दिसत नाही.

पण मला नावाबद्दल सांगायचं आहे.

आमच्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर आहे. कागद तपकिरी पडलाय, कडा हात लावला की झडतात. त्यात १९०० सालच्या पानावर माझ्या पणजोबांची नोंद आहे. आपल्या भागात १८७६ ते ७८ चा दुष्काळ भयंकर झाला आणि त्यानंतर शतक संपता संपता पुन्हा एक. माणसं झाडाचा पाला उकडून खात होती. मिशनच्या लोकांनी खडी फोडायची, विहिरी खणायची कामं काढली, धान्य वाटलं, पोरकी मुलं सांभाळली. त्या वर्षांत महारवाड्यातली, मांगवाड्यातली घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. आमचंही त्यातलंच. "पोटासाठी बाटले" हे शब्द मी शाळेत ऐकलेत, मैत्रिणीच्या घरी ऐकलेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ऐकलेत. पूर्वी मी त्यावर भांडायची. आमच्या पणजोबांची श्रद्धा किती खरी होती हे पटवायला जायची, जणू ते पटवून देणं माझंच देणं होतं. आता मी म्हणते, हो, पोट होतंच. भुकेल्या माणसानं ज्या हातानं भाकर दिली त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, यात लाजेसारखं काय आहे? आणि पोट भरल्यावर, पाऊस पडल्यावर, मिशनचं धान्य बंद झाल्यावरही शंभर वर्षं ही सत्तावीस घरं दर रविवारी सतरंजीवर येऊन का बसली, ते त्या टोमण्यात कुठेच बसत नाही.

त्या नोंदीत माझं लक्ष नेहमी दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. रकाने असे आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, वय, तारीख, पाळकाची सही. पणजोबांचं नाव तिथे नीट, पुरतं लिहिलंय. अक्षराला मोडीचं वळण आहे, पण नाव बाळबोधीत, सुटं सुटं. त्या काळी आमच्या वाड्यातल्या माणसाला गावात पुरतं नाव नव्हतं. धोंडिबाचा धोंड्या व्हायचा, महादेवाचा म्हाद्या. ऐंशी वर्षांचा म्हातारा असला तरी दहा वर्षांचा पाटलाचा पोरगा त्याला "ए म्हाद्या" म्हणायचा, आणि म्हातारा "जी" म्हणून यायचा. पणजोबांना अक्षर येत नव्हतं. आपल्या नावाचा तो शाईतला आकार त्यांनी पाहिला असेल तेव्हा तो त्यांना ओळखूही आला नसेल. पण कुणीतरी तो मोठ्यानं वाचला असणार. डोक्यावर पाणी पडण्याआधी पाळकानं तो सगळ्यांसमोर उच्चारला असणार. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना पुरत्या नावानं हाक मारली गेली ती बहुधा पहिलीच वेळ.

आई नावं पुरती का वाचायची ते मला त्या पानापाशी कळलं. तिनं सांगितलं नव्हतं. तिला ते सांगायची गोष्टच वाटली नसेल.

वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस नाताळ, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या लेखी तो मान कापणीच्या सणाचा. दिवाळीनंतर बाजरी निघाली, मका निघाला, की एक रविवार ठरतो. वेदीपुढे बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, उसाच्या मोळ्या, कांद्याची गोणी, मेथीच्या जुड्या, लाल भोपळे, पाय बांधलेला एखादा कोंबडा, टोपलीत अंडी. ज्यांच्याकडे शेत नाही ते शिवून आणतात, कुणी खुर्ची विणून आणतं, मजुरीला जाणारी बाई किलोभर साखर आणते. उपासना झाली की अंगणात लिलाव. आमचे पेटीवाले काकाच बोली पुकारतात, आणि रविवारी भजन घालताना नसतो असा त्यांचा आवाज तेव्हा लागतो. एक अंडं दहा रुपयाला जातं. घेणारा ते परत टोपलीत ठेवतो, "देवाला परत." मग ते वीसला जातं, परत येतं, पन्नासला जातं. एका वर्षी एक अंडं सात वेळा विकलं गेलं आणि आठव्या वेळी ते ज्या म्हातारीनं आणलं होतं तिलाच सगळ्यांनी मिळून देऊन टाकलं. चर्चचा पत्रा त्या पैशांतून बदलला. पुण्याला, पिंपरीला, मुंबईला कामाला गेलेली पोरं नाताळला येवोत न येवोत, लिलावाला फोन लावून बोली लावतात. गेल्या साली एका पोरानं दुबईहून भोपळा घेतला. भोपळा त्याच्या आईनं शिजवून प्रीतिभोजनाला आणला.

सगळंच असं गोड नाही. एका पंचकमिटीच्या निवडणुकीत दोन भावकी अशा भांडल्या की तीन घरं उठून गेली आणि त्यांनी शेजारच्या वस्तीवर वेगळी प्रार्थना सुरू केली. कबरस्तानच्या वाटेवर एका बाजूनं बांध सरकत सरकत आला, आता तिरडी नेताना चौघांना तिरकं चालावं लागतं. अर्ज देऊन झाले, मोजणी व्हायची आहे. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली तेव्हा आमच्याही दारावरची पाटी बदलली. आधी बिशप ही गोष्ट आमच्याकडे नव्हती, मग आली; आजोबांना ते जड गेलं, आईला नाही. या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, पण रात्री झोप उडवणाऱ्या नाहीत. झोप उडवणारी गोष्ट वेगळी आहे.

अनुसूचित जाती कुणाला म्हणायचं हे १९५० च्या आदेशानं ठरलं, आणि त्यात धर्माची अट आली. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती माणूस बाहेरच राहिला. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. पण ज्या विहिरीवर पणजोबांना पाणी भरू दिलं नाही त्या विहिरीनं त्यांचा बाप्तिस्मा झाला म्हणून काही निराळी वागणूक दिली नव्हती. गावानं आम्हाला वाड्यातलेच मानलं, कागदानं मानलं नाही. मला हा अन्याय वाटतो. तो मी कुठेही उभी राहून सांगेन. पण तो सांगून माझ्या मंडळीतल्या आईबापांचा प्रश्न सुटत नाही. त्यांना पोराला शिकवायचं असतं, नोकरी लावायची असते. म्हणून काही घरांत दोन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात दुसरं. दाखल्यावर पणजोबांच्या आधीची जात, घरात भिंतीवर क्रूस. गाव लहान, कुणापासून काही लपलेलं नसतं. भीती माणसांची नाही, कागदाची असते. आपलं नाव चर्चच्या कागदावर दिसलं, कुणी तक्रार केली, जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ते काढलं, तर?

लहानपणी मला याचा राग यायचा. रविवारी आमच्या शेजारी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि सोमवारी कचेरीत दुसरंच लिहायचं, हे मला खोटं वाटायचं. कॉलेजात असताना मी हे आईसमोर तावातावानं बोलले होते. ती भाकरी थापत होती. "तुझ्या बापाला नोकरी होती," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. ते एक वाक्य माझ्या अंगाला बरीच वर्षं टोचत राहिलं.

२०२० साली २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता. त्यानंतर महिनोन् महिने चर्चला कुलूप. ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही दरवर्षी कबरस्तानात करतो, अंधारात मेणबत्त्या घेऊन जातो आणि उजाडताना गातो. त्या वर्षी कुणी गेलं नाही. आईनं मात्र एकाही रविवारच्या सूचना चुकवल्या नाहीत. सकाळी दहाला ती नेसूचं चांगलं लुगडं नेसून खुर्चीत बसायची, मी मोबाइल धरायची आणि ती वही वाचायची. ते रेकॉर्डिंग मंडळीच्या ग्रुपवर जायचं. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या वहीत नुसती मरणं होती. दफनाला मोजकी चार माणसं, तीही तोंड बांधलेली. ज्यांच्या अंत्यविधीला कुणी जाऊ शकलं नाही त्यांची नावं तिनं तीन-तीन रविवार वाचली. एकदा मध्येच थांबून तिनं पाणी मागितलं. ते रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे, भांड्याचा आवाजसुद्धा. मी ते कापलं नाही.

त्याच सुमारास तिच्या काचबिंदूनं जोर धरला. आधी एका कडेनं दिसेना, मग वहीच्या रेघा दिसेनात. दोन वर्षांपूर्वी पंचांनी सूचनांचं काम माझ्याकडे दिलं. मी नगरला नोकरी करते, शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी येते. आई सांगते, मी लिहिते. तिचा दंडक मला पाठ होता, त्यामुळे मला वाटलं होतं की सगळं येतं.

आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षाअखेरची उपासना असते. साडेअकराच्या सुमाराला वर्षभराचा आढावा वाचतात: किती बाप्तिस्मे, किती लग्नं, किती माणसं निजली. आणि सगळ्यांची नावं. त्या वर्षीचा आढावा मी वहीवरूनच काढला होता. वहीत काही नावांपुढे आईच्या हातचे, आणि नंतर तिनं सांगितल्यावर माझ्या हातचे, पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. "ठिपका दे," ती म्हणायची आणि मी द्यायची. मला वाटायचं, ज्यांचं अर्पण यायचं राहिलंय त्यांची ती खूण असेल. विचारायचं सुचलं नाही. रविवारच्या सूचना आई मला आदल्या रात्री तोंडी लावून द्यायची, त्यात ती नावं नसायचीच. आढावा मात्र मी एकटीनं तयार केला, आणि तिला वाचून दाखवायचं राहिलं.

बाप्तिस्म्यांच्या यादीत तिसरं नाव एका तान्ह्या मुलाचं होतं. मी ते पुरतं वाचलं. मुलाचं, बापाचं, आडनाव. वाचताना मला समोर दोन माणसं दिसली. उजवीकडे सतरंजीवर मुलाची आजी होती. तिनं पदर तोंडाला लावला. डावीकडे मुलाचा बाप पुरुषांच्या रांगेत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो खांबाशी उभ्या केलेल्या मोबाइलकडे पाहत होता. तरुण संघाची पोरं उपासना लाइव्ह दाखवत होती.

बाराच्या ठोक्याला घंटा वाजली, सगळे एकमेकांना सलाम करत, हात मिळवत होते. तो गर्दीतून माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली. "ताई, ते काढता येईल का? माझी पडताळणी चालू आहे." एवढंच. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. संघातल्या पोरानं लगेच तो भाग काढला, तोवर तो किती जणांनी पाहिला कोण जाणे. मी त्या रात्री घरी येऊन वही आईच्या मांडीवर ठेवली आणि ठिपके म्हणजे काय ते विचारलं. तिनं पानावरून बोट फिरवलं. दिसत नव्हतं, तरी ठिपका कुठे असेल ते तिला ठाऊक होतं. "ज्यांनी मला लिहा म्हणून सांगितलं आणि वाचू नका म्हणून सांगितलं, त्यांचे," ती म्हणाली. "लिहिलं तर पाहिजेच. पुढं कुणी शोधत आलं तर?"

मी त्या रात्री झोपले नाही. बावीस वर्षांच्या वह्या काढून ठिपके मोजत बसले आणि मध्येच मोजायचं सोडून दिलं. ती मोजायची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, मुलाची आजी आमच्याकडे आली. डब्यात करंज्या होत्या, नाताळच्या उरलेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं माझा हात धरला. तिच्या तळहाताला कांदे काढणाऱ्या बायकांच्या तळहाताला असतो तसा कोरडा खरखरीतपणा होता. "माझ्या नातवाचं नाव मी देवळात ऐकलं," ती म्हणाली. आमच्या म्हाताऱ्या चर्चला देऊळच म्हणतात. "माझ्या लेकाचं नाही ऐकलं कधी. त्याचंबी असंच झालं होतं, गपचूप." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पण बाई, पुन्हा नको वाचू."

त्या दोन वाक्यांतलं कुठलं खरं धरायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही तिनं मनापासून म्हटली होती.

त्या मुलाच्या बापाच्या पडताळणीचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. आढाव्याची पद्धत आम्ही बदलली: आता मी आढावाही आईला आधी वाचून दाखवते, आणि लाइव्हचा मोबाइल सूचनांच्या दहा मिनिटांपुरता बंद असतो. तरुण संघातल्या पोरांनी कुरकुर केली नाही. त्यांच्यातल्या काहींच्या नावापुढेही ठिपके आहेत, हे मला आता माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे.

गेल्या शनिवारी मी एसटीनं आले तेव्हा दिवे लागणीची वेळ होती. भाकरी झाल्या, ओटा आवरला. आईनं सांगितलं तशी मी वही लिहिली. शब्बाथ शाळेची परीक्षा पुढच्या रविवारी. महिला मंडळाची घरप्रार्थना बुधवारी, खालच्या वस्तीवर. एकाला शेततळ्यासाठी अनुदान मिळालं म्हणून उपकारस्तुती ५०१. दोन आजारी, एक प्रवासात. एक बाई चाळीस वर्षांनी माहेरच्या भावाशी बोलली, तो समेट तारखेसकट. मी वही मिटणार तेवढ्यात आई म्हणाली, "आता ठिपक्यांची वाच."

मला आधी कळलंच नाही.

"मी वही मिटून रोज काय म्हणायची मग?" ती म्हणाली. "तिथं वाचता येत नाहीत, म्हणून इथं वाचायची. आता मला दिसत नाही. तू वाच."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, आडनाव. आई डोळे मिटून बसली होती आणि प्रत्येक नावानंतर तिचे ओठ हलत होते. एका ठिकाणी मी आडनाव गाळून पुढे गेले तर तिनं हात वर केला.

"पुरतं वाच," ती म्हणाली. मी मागे जाऊन पुरतं वाचलं.